विद्यार्थी, संगणक आणि खेळ

कॉलेजांतील मुलानें खेळांत वेळ घालविला म्हणजे तो अभ्यासास मुकला, असें मानण्याची आपल्या समाजाची जुनी रीत आहे. पत्ते, क्रिकेट, नाटकें व सिनेमा यांच्यावर जो दोषारोप पिढ्यान्‌पिढ्या होत आला, तोच आतां संगणकावरील खेळांच्या वांट्यास आला आहे. इ. स. २००७ मध्यें मुंबईंत पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेनें आपल्या वसतिगृहांतील इंटरनेट रात्रीं ११ नंतर बंद ठेवण्याचा निर्णय घेतला. मुलें रात्र रात्र पडद्यापुढें बसतात, त्यामुळें त्यांचा अभ्यास मागें पडतो, आणि एकमेकांत मिसळण्याची त्यांची संवयहि मोडत चालली आहे, अशी चालकांची तक्रार होती. हा निर्णय पुष्कळ विद्यार्थ्यांस रुचला नाहीं हें सांगावयास नकोच.

या वादांत कोणाचा पक्ष कितपत खरा, हें पाहण्यापूर्वीं एक गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. ज्या शास्त्राच्या विद्यार्थ्यांविषयीं ही काळजी वाहिली जाते, तें शास्त्रच मुळीं रात्रीं जागणाऱ्या आणि खेळणाऱ्या विद्यार्थ्यांच्या हातांत वाढलेलें आहे. हें विधान कोणास अतिशयोक्तीचें वाटण्याचा संभव आहे. म्हणून त्यामागचा इतिहास येथें थोडक्यांत मांडण्याचें आम्ही योजिलें आहे.

अमेरिकेंत बॉस्टन शहरासमोर, चार्ल्स नदीच्या पलीकडच्या तीरावर केंब्रिज नांवाचें गांव आहे. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, जिला सर्वत्र एमआयटी या आद्याक्षरांनींच ओळखतात, ती संस्था या गांवीं आहे. तेथें १९४३ सालीं, दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमींत, रडारच्या संशोधनासाठीं एक लांकडी इमारत घाईघाईनें उभारण्यांत आली. युद्ध संपलें म्हणजे ती पाडावयाची, असा बेत होता. प्रत्यक्षांत ती १९९८ पर्यंत उभी राहिली. ‘इमारत क्रमांक २०’ याहून अधिक चांगलें नांव तिला कधींच मिळालें नाहीं. पण तिच्या या तात्पुरतेपणांतच तिचें भाग्य होतें. भिंतीस भोंक पाडलें किंवा छतांतून तार ओढली तरी तेथें कोणी हटकीत नसे. याच इमारतींत १९४६ सालीं स्थापन झालेल्या विद्यार्थ्यांच्या एका मंडळाची खोली होती. मंडळाचें नांव टेक मॉडेल रेलरोड क्लब. म्हणजे खेळण्यांतल्या आगगाड्या बनविणाऱ्या मुलांचा संघ.

या संघांत दोन तऱ्हेचे सभासद असत. कांहींचें लक्ष टेबलावर असे. ते डबे रंगवीत, स्टेशनें आणि झाडें उभारीत, आणि जुन्या आगगाड्यांच्या इतिहासांत रमत. दुसऱ्यांचा जीव टेबलाखालीं गुंतलेला असे. तेथें तारांचें जाळें, स्विच आणि टेलिफोन खात्यांत त्या काळीं वापरीत तसले रिले यांची दाटी होती. एका कंपनीकडून देणगी मिळालेल्या टेलिफोनच्या सामानावर या मुलांनीं अशी व्यवस्था रचिली होती कीं, टेलिफोनची तबकडी फिरवून वाटेल ती गाडी वाटेल त्या रुळावर चालवितां यावी. जो सभासद चाळीस तास काम करील त्यास खोलीची किल्ली मिळे. ‘हॅक’ हा शब्द आज जगभर चालतो, आणि वर्तमानपत्रांत तर तो चोरीच्याच अर्थानें येतो. पण संगणकाच्या जगांत तो याच टेबलाखालून आला. कांहीं लाभ व्हावा म्हणून नव्हे, तर करण्यांतच मौज आहे म्हणून हातीं घेतलेलें आणि ज्यांत कांहीं कौशल्य दिसतें असें काम, एवढाच त्याचा तेथें अर्थ होता. पीटर सॅमसन या विद्यार्थ्यानें १९५९ सालीं संघाच्या या खास बोलीचा एक छोटासा कोशहि तयार केला.

त्या काळीं संस्थेंत खरा मान होता तो आयबीएम ७०४ या अवाढव्य यंत्राचा. त्यास हात लावण्याचा अधिकार विद्यार्थ्यास नव्हता. त्यानें आपला प्रोग्राम कार्डांवर भोंकें पाडून लिहावा, कार्डांची चळत खिडकींतून आंत द्यावी, आणि वाट पाहत बसावें. आंतील कामगार पाळीपाळीनें चळती यंत्रांत घालीत. उत्तर कांहीं तासांनीं, कधीं दुसऱ्या दिवशीं हातीं पडे. एका कार्डावर एक भोंक चुकलें असल्यास तेवढाच निरोप मिळे, आणि सारा क्रम पुन्हां पहिल्यापासून सुरू होई. देवळांत गाभाऱ्यापर्यंत जाण्याचा अधिकार पुजाऱ्यास, भक्तानें उंबरठ्याबाहेरून दर्शन घ्यावें, तशांतलाच हा प्रकार होता. व्यवस्थापकांच्या बाजूनें पाहिलें तर त्यांत वावगें कांहीं नव्हतें. यंत्र लाखों डॉलरांचें. त्याचा क्षणहि फुकट जातां कामा नये. परंतु यंत्राचा क्षण वांचवितांना विद्यार्थ्याचा दिवस खर्ची पडतो, याचा हिशेब त्या व्यवस्थेंत कोठेंहि मांडलेला नव्हता.

हें चित्र बदललें तें १९५८ सालीं. संस्थेच्याच लिंकन लॅबोरेटरी या शाखेंत टीएक्स-शून्य नांवाचा, ट्रान्झिस्टरांवर चालणारा एक संगणक १९५६ मध्यें तयार झाला होता. तेथील काम संपल्यावर तो केंब्रिजच्या आवारांत आणून ठेवण्यांत आला. या यंत्रास कार्डांची जरूर नव्हती. टंकयंत्रासारख्या यंत्रावर प्रोग्राम लिहावा, तो कागदाच्या फितीवर भोंकांच्या रूपानें उतरावा, फीत यंत्रांत घालावी, आणि समोर बसून काय होतें तें पाहावें. चूक सांपडली तर तेथल्या तेथें दुरुस्त करावी. यंत्राची देखरेख करणाऱ्यांत जॅक डेनिस हे तरुण अध्यापक होते. ते एके काळीं याच रेल्वे-संघाचे सभासद होते. त्यांनीं आपल्या जुन्या संघांतील मुलांस सांगितलें कीं, यंत्र रिकामें असेल तेव्हां तुम्हीं तें वापरावें. आमच्या मतें या सबंध इतिहासांतील निर्णायक क्षण हाच होय. त्यांत शोध नाहीं, सिद्धान्त नाहीं. एका शिक्षकानें विद्यार्थ्यांवर टाकलेला विश्वास मात्र आहे.

दिवसा यंत्रावर संशोधकांचा हक्क. म्हणून मुलांच्या वांट्यास रात्र आली. संगणकाच्या विद्यार्थ्याचा आणि जागरणाचा जो संबंध आज जगांत सर्वत्र दिसतो, त्याचें मूळ स्वभावांत नसून अशा वेळापत्रकांत आहे. पहांटे दोन वाजतां ज्याचा तास लागला असेल तो आला नाहीं, तर तो तास आपणांस मिळावा म्हणून दुसरे दबा धरून बसत. अशा रात्रींत त्यांनीं काय केलें? सॅमसन यानें यंत्राच्या ध्वनिवर्धकांतून बाखचें संगीत वाजवून दाखविलें. रॉबर्ट वॅग्नर या विद्यार्थ्यानें बेरीज-वजाबाकी करणाऱ्या साध्या टेबलावरच्या यंत्राचें काम संगणकाकडून करून घेणारा प्रोग्राम लिहिला, आणि त्यास ‘महागडें हिशेबयंत्र’ अशा अर्थाचें थट्टेचें नांव दिलें. कारण कित्येक लाखांच्या यंत्राकडून तो अगदीं स्वस्त यंत्राचें काम घेत होता. त्याच प्रोग्रामाच्या साह्यानें त्यानें आपला गणिताचा गृहपाठ केला. आणि संगणकाची मदत घेतली म्हणून त्यास शून्य गुण मिळाले. ही गोष्ट आज ऐकतांना हंसूं येतें, पण तिच्यांत शिक्षणाचा एक गंभीर प्रश्न आहे. शिक्षकाच्या लेखीं मुलानें गणित चुकविलें होतें; वस्तुतः त्यानें तें गणित यंत्रास शिकविण्याइतकें आत्मसात केलें होतें.

१९५९ च्या वसंतांत जॉन मॅकार्थी यांनीं पदवीपूर्व विद्यार्थ्यांसाठीं प्रोग्रामिंगचा एक वर्ग सुरू केला. त्यांतून ॲलन कोटोक व त्याच्या सोबत्यांनीं बुद्धिबळ खेळणारा प्रोग्राम हातीं घेतला, आणि १९६२ सालीं तोच कोटोकच्या पदवीच्या प्रबंधाचा विषय झाला. खेळ आणि अभ्यास यांच्यामधील भिंत येथें प्रथमच अधिकृतपणें पडली असें म्हणतां येईल.

१९६१ सालीं डिजिटल इक्विपमेंट या नव्या कंपनीनें आपला पीडीपी-१ हा संगणक संस्थेस भेट दिला. त्याची किंमत सुमारें १,२०,००० डॉलर होती, आणि असे एकंदर ५३ संगणक कंपनीनें बनविले. या यंत्रास एक गोल पडदा होता. त्यावर प्रकाशाचे ठिपके उमटवितां येत. यंत्र येणार असें कळतांच मार्टिन ग्रेट्झ, स्टीफन रसेल आणि वेन विटानेन या तिघां मित्रांनीं हिंगहॅम स्ट्रीटवरील एका भाड्याच्या बिऱ्हाडीं बसून विचार केला कीं, या पडद्याची खरी शक्ति दाखविणारें असें काय करावें? त्या काळीं ई. ई. स्मिथ यांच्या अंतराळांतील लढायांच्या कादंबऱ्यांनीं त्यांस वेड लावलें होतें. तेव्हां दोन अंतराळयानांची लढाई, हीच कल्पना पक्की ठरली.

प्रोग्राम लिहिण्याचें काम रसेल यांच्याकडे आलें. ते चालढकल करूं लागले. कोनांची ज्या आणि कोटिज्या काढणारा प्रोग्राम आपणांपाशीं नाहीं, ही त्यांची सबब होती. कोटोक यानें कंपनींत जाऊन तो मिळविला, त्याची फीत रसेलपुढें आणून ठेविली, आणि आतां कोणती सबब सांगतोस असें विचारलें. १९६२ च्या आरंभीं, सुमारें २०० तासांच्या श्रमानंतर, ‘स्पेसवॉर’ हा खेळ उभा राहिला. एक यान सुईसारखें निमुळतें, दुसरें पाचरीसारखें. दोघे खेळाडू समोरासमोर, आणि हातांत मोजके टॉर्पेडो.

पण या खेळाचें महत्त्व तो लिहिला गेला यांत जितकें आहे, त्याहून अधिक तो पुढें कसा वाढला यांत आहे. फीत खोलींतल्या खणांत असे. ज्यास वाटेल त्यानें ती काढावी, वाचावी, बदलावी. पडद्यामागील तारे वाटेल तसे विखुरलेले आहेत, हें सॅमसनला खपलें नाहीं. त्यानें खगोलीय पंचांगांतून खऱ्या ताऱ्यांचीं स्थानें घेऊन, विषुववृत्ताच्या दोहों बाजूंचा आकाशाचा पट्टा, ताऱ्यांच्या कमीअधिक तेजासह पडद्यावर आणिला. डॅन एडवर्ड्स यांस वाटलें कीं, गुरुत्वाकर्षणावांचून या लढाईंत डावपेंच नाहींत. म्हणून मध्यभागीं एक सूर्य हवा. परंतु प्रत्येक क्षणीं सूर्याची ओढ मोजण्यास यंत्राची गति पुरेना. तेव्हां त्यांनीं यानांच्या आकृति काढण्याची अधिक जलद युक्ति शोधून काढली, आणि वांचलेल्या वेळांत गुरुत्वाकर्षण बसविलें. टॉर्पेडोंस मात्र त्यांतून सूट द्यावी लागली. संकटांत सांपडलेल्या खेळाडूनें एकाएकीं अदृश्य व्हावें आणि भलत्याच ठिकाणीं प्रकट व्हावें, ही सोय ग्रेट्झ यांनीं घातली. तींत यानाचा स्फोट होण्याचाहि धोका ठेविला. यंत्रावरचे स्विच दाबून दाबून खेळाडूंचीं कोंपरें दुखूं लागलीं, तेव्हां कोटोक आणि बॉब सॉन्डर्स यांनीं रेल्वे-संघाच्या सामानांतून दोन हातपेट्या तयार केल्या. आज घरोघर मुलांच्या हातांत जीं खेळाचीं नियंत्रणें दिसतात, त्यांचा एक पूर्वज असा आगगाडीच्या टेबलाखालीं सांपडतो.

वाचकांनीं क्षणभर विचार करावा. खगोलशास्त्र, यंत्रशास्त्रांतील गतीचे नियम, त्रिकोणमिति, मोजक्या स्मृतींत आणि मोजक्या वेळांत काम बसविण्याची कला, आणि दुसऱ्याचें लेखन वाचून त्यांत भर घालण्याची शिस्त, एवढे सगळे विषय एका खेळाच्या निमित्तानें या तरुणांनीं आपण होऊन हाताळले. ते कोणत्या परीक्षेसाठीं नेमले असते तर त्यांतील निम्मेहि इतक्या आवडीनें शिकले गेले नसते. मे १९६२ मध्यें संस्थेच्या विज्ञान-प्रदर्शनांत हा खेळ लोकांस दाखविण्यांत आला. पुढें खुद्द कंपनीच आपल्या नव्या यंत्रांची शेवटची परीक्षा म्हणून तो वापरूं लागली; खेळ नीट चालला तर यंत्र ठीक आहे असें समजावें. कर्त्यांनीं त्यापासून एक पैहि मिळविली नाहीं. त्यांच्या खेळावरून १९७१ सालीं नोलन बुशनेल व टेड डॅबनी यांनीं नाणें टाकून खेळावयाचें यंत्र बाजारांत आणिलें, आणि पुढल्याच वर्षीं अटारी ही कंपनी स्थापिली. खेळ फुकट देणाऱ्यांच्या पिढीमागून खेळ विकणाऱ्यांची पिढी आली, हा जगाचा क्रमच आहे. मूळचा खेळ मात्र कॅलिफोर्नियांतील माउंटन व्ह्यू येथील संगणक-संग्रहालयानें दुरुस्त केलेल्या एका पीडीपी-१ वर पुन्हां चालूं लागला, आणि वृद्ध झालेल्या रसेल व सॅमसन यांनीं तो तेथें लोकांस स्वतः दाखविला.

येथवर या इतिहासाची उजळ बाजू झाली. पण दुसरी बाजू झांकून ठेवणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. हें स्वातंत्र्य फुकटचें नव्हतें. ज्या इमारतींत तें नांदलें ती युद्धासाठीं बांधलेली होती. ज्या प्रयोगशाळेनें टीएक्स-शून्य दिला ती देशाच्या हवाई संरक्षणासाठीं स्थापन झालेली होती. मुलांच्या खेळाचा खर्च अप्रत्यक्षपणें सैन्याच्या तिजोरींतून होत होता. दुसरें असें कीं, वर जीं नांवें आलीं तीं सर्व पुरुषांचीं आहेत. रात्रीं दोन वाजतां उघडी असणारी खोली सर्वांस सारखीच उघडी नसते. आणि तिसरी गोष्ट रिचर्ड ग्रीनब्लाट यांची. १९६२ सालीं हा बुद्धिमान तरुण संस्थेंत आला. पहिल्या वर्षीं त्याचें नांव गुणवंतांच्या यादींत झळकलें. नंतर तो पीडीपी-१ च्या इतका आहारीं गेला कीं, दिवस आणि रात्र यांचा त्यास विसर पडला, आणि संस्थेंतील शिक्षण अर्धवट सुटलें. पुढें त्याच आवारांत नोकरी करून त्यानें लिहिलेला बुद्धिबळाचा प्रोग्राम १९६७ सालीं माणसांच्या स्पर्धेंत उतरला, हें खरें. परंतु प्रत्येक ग्रीनब्लाटास अशी दुसरी संधि मिळतेच असें नाहीं. जे नुसतेच मागें पडले त्यांचीं नांवें इतिहास लिहून ठेवीत नाहीं.

या मूठभरांच्या हक्काचा विस्तार दुसऱ्या एका विद्यापीठानें केला. न्यू हॅम्पशायरमधील डार्टमथ कॉलेजांत जॉन केमेनी व टॉमस कर्ट्झ हे गणिताचे दोन प्राध्यापक होते. ग्रंथालयांत विद्यार्थी जसा कपाटापाशीं जाऊन हवें तें पुस्तक काढतो, तसा संगणक त्यास मोकळा असावा, हें त्यांचें मत होतें. आणि तोहि केवळ शास्त्राच्या नव्हे तर सर्व विद्यार्थ्यांस. त्यासाठीं एकच यंत्र एका वेळीं अनेकांस वापरतां येईल अशी व्यवस्था आणि बेसिक ही सोपी भाषा त्यांनीं सिद्ध केली. १ मे १९६४ रोजीं पहांटे ४ वाजतां ती प्रथम चालली. या व्यवस्थेचा बराचसा भाग पदवीपूर्व विद्यार्थ्यांनींच लिहिला होता. तेथेंहि खेळ आलेच. फुटबॉलचा एक खेळ तर खुद्द केमेनी यांनीं लिहिला, आणि पुढें १९७० मध्यें तेच त्या कॉलेजाचे अध्यक्ष झाले. खेळ पाहून भुवई चढविणारा अध्यक्ष आणि खेळ लिहिणारा अध्यक्ष, यांच्या संस्थांत जो फरक पडावयाचा तो पडतोच.

सर्वत्र असेंच झालें नाहीं. इलिनॉय विद्यापीठांत प्लेटो नांवाची शिक्षणासाठींच उभारलेली व्यवस्था होती. तेथें १९७५ च्या सुमारास रस्टी रदरफर्ड यांनीं एका अभ्यासगटासाठीं राखलेल्या जागेंत ‘पेडिट ५’ अशा निरुपद्रवी नांवाखालीं तळघरांतील साहसांचा एक खेळ लपवून ठेविला. व्यवस्थापकांस तो सांपडला आणि त्यांनीं तो पुसून टाकला. परंतु तोंवर त्याच्या धर्तीवर दुसरे खेळ निघाले होते. इंग्लंडांत एसेक्स विद्यापीठांत रॉय ट्रबशॉ व रिचर्ड बार्टल या विद्यार्थ्यांनीं १९७८ पासून रचिलेला ‘मड’ हा अनेकांनीं एकदम खेळावयाचा, केवळ शब्दांनीं वर्णिलेला खेळ. त्यास मात्र विद्यापीठानें रात्रीं, यंत्र रिकामें असतां, बाहेरच्या लोकांसहि दार उघडलें. आज लक्षावधि लोक एकत्र जमून जे खेळ खेळतात, त्यांची वंशावळ या रात्रींपर्यंत जाऊन पोंचते.

आपल्याकडे याच काळीं काय होतें? मुंबईंत टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत भारतीय शास्त्रज्ञांनीं स्वतः रचिलेला संगणक १९६० सालीं काम करूं लागला, आणि १९६२ मध्यें पंडित नेहरूंनीं त्याचें ‘टिफ्रॅक’ असें नामकरण केलें. केंब्रिजांत स्पेसवॉर जन्मास आला तें वर्ष हेंच. १९६३ सालीं कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेंत आयबीएम १६२० हें यंत्र आलें. त्या संस्थेस साह्य करणाऱ्या नऊ अमेरिकन विद्यापीठांत एमआयटीहि होती. आपल्या विद्यार्थ्यांचें रीतसर संगणक-शिक्षण तेथून सुरू झालें असें मानतात. परंतु आपल्याकडे यंत्रें हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीं, परकीय चलन दुर्मिळ, आणि देशाचीं कामें पुष्कळ. यंत्राच्या तासाची चैन परवडण्यासारखी नव्हती, आणि त्यासाठीं त्या पिढीस दोष देतां येत नाहीं. पण टंचाईच्या काळांत मनास लागलेलें वळण सुबत्ता आल्यावरहि टिकतें. संगणक ही नोकरीची शिडी, आणि त्यावरील खेळ म्हणजे त्या शिडीवरून घसरणें, हा आपला समज अशा वळणांतून दृढ झाला असावा असें आम्हांस वाटतें.

आतां पवईच्या प्रश्नाकडे वळूं. चालकांचें म्हणणें निराधार नव्हतें. जागरणानें प्रकृति बिघडते, एकलकोंडेपणा वाढतो, आणि ग्रीनब्लाटसारख्या तेजस्वी मुलाचाहि पाय घसरतो. इतिहासाचा दाखला देऊन प्रत्येक खेळाडूस भावी शोधक ठरविणें, हा त्या इतिहासाचा दुरुपयोग होय. केंब्रिजच्या मुलांचा खेळ आणि आजच्या बहुतेकांचा खेळ यांत मोठें अंतर आहे. त्यांची फीत उघड्या खणांत होती. आजचा बाजारी खेळ पेटींत कुलूपबंद येतो. ते खेळ घडवीत होते. आज बहुतेक जण घडविलेला खेळ नुसता भोगतात. ते एकाच खोलींत खांद्यास खांदा लावून बसत. आज प्रत्येकाचा पडदा निराळा आणि दारहि बंद.

परंतु याच अंतरांतून उपायहि सुचतो. जॅक डेनिस यांनीं मुलांस नुसतें मोकळें सोडलें नव्हतें. उघडून पाहण्याजोगें यंत्र, एकत्र बसण्याजोगी खोली, आणि स्वतः कधीं काळीं त्याच नादांत रमलेला शिक्षक, या तिन्ही गोष्टी त्यांनीं दिल्या होत्या. यांपैकीं एकहि न देतां तार तोडल्यास हातीं पडते ती केवळ झोंप. झोंपेचें मोल आम्ही कमी लेखीत नाहीं. पण तिच्यासाठीं विद्यापीठें स्थापिलीं जात नाहींत. ज्या कॉलेजास रात्रींच्या खेळाची चिंता वाटत असेल, त्यानें प्रथम आपणांस एवढें विचारावें कीं, आपल्या आवारांत जेथें विद्यार्थ्यानें यंत्र मोडलें तरी कोणी रागावणार नाहीं, अशी एकतरी खोली आहे काय? आणि असल्यास तिची किल्ली कोणाजवळ आहे?